आधी काय नाही ते

जालन्याच्या मिलमध्ये भंगार कुठून येतं, विचारू नये.
कंटेनर उघडला की आधी परक्या गावाची माती सांडते,
मग गज, पत्रे, कुणाच्या तरी गॅलरीचा कठडा.
मी काट्यावर पावत्या फाडायचो.
मुंतजीब खान ढिगात उकिडवे बसलेले असायचे,
चष्म्याला सुतळी.

एकदा त्यांनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला:
सहा कोनी, पांढरट, हाताला लागेल त्याहून हलका.
"ॲल्युमिनियम नाही हे," म्हणाले.
"भट्टीत गेलं असतं, तर उद्या तुझी पावती
दुसऱ्याच कुणी फाडली असती."

कादराबादेत त्यांच्या खोलीत शिंप्याचं जुनं कपाट होतं.
बॉबिनच्या खणांत आता पिना, स्प्रिंगा, कड्या,
गंजून चिकटलेले खटके, पितळी बुचं.
सगळं रिकामं, धुतलेलं, बुडाला भोक पाडलेलं.
प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी: अक्षर मराठी, आकडे उर्दू.
लोक पिशवीत गुंडाळून काहीबाही आणायचे.
निघायचा स्टोव्हचा बर्नर, इंजिनाचा ऑइल कप,
वरातीतल्या गॅसबत्तीची टाकी.
वहीत त्याचीही नोंद व्हायची:
बॉम्ब नाही. परत दिला. चहा पाजला.

"ओळखायचं म्हणजे," ते म्हणत,
"आधी काय नाही ते सांगायचं.
उरेल त्याला हात लावायचा नाही."

मग तो उन्हाळा. अंबडकडं गढीमागची विहीर
कुणाच्या हयातीत आटली नव्हती, ती आटली.
गाळ काढताना कौसाबाईच्या टोपल्यात
सोड्याच्या असाव्यात तशा अकरा बाटल्या आल्या.
एकीला तडा होता.
"चिखल जळायलाय ओ," ती वरून ओरडली,
"बिनकाडीचा जळायलाय!"

चाचा लुनावर आले. वाकले नाहीत, शिवले नाहीत.
वास घेतला: लसूण.
सोड्याची नाही. औषधाची नाही. दारूची नाही.
आणि मागितलं काय, तर पाणी.

त्या गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा.
कुणी हललं नाही.
कौसाबाईनं आपली घागर उचलली आणि टोपल्यात
सावकाश ओतली, लेकराच्या डोक्यावर ओततात तशी.
धूर बसला.

संध्याकाळी पथक आलं संभाजीनगरहून.
पडीक रानात खड्डा केला.
पांढरा लोट उठला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या,
मग वारा फिरला आणि त्यांनी वाजवायचं सोडलं.

वहीत चाचांनी लिहिलं:
काच. हिरवं झाकण. बुडावर साल एक्केचाळीस.
आतला माल पाण्याखाली गप्प, हवेत जागा.
कुणी आणल्या: कोरं.
कुणासाठी: कोरं.
गढीच्या ओट्यावरचा म्हातारा एवढंच बोलला,
"पोलीस ॲक्शनच्या वक्ताला..."
आणि म्हैस सुटली म्हणून उठून गेला.
म्हैस दावणीलाच होती.
चाचांनी पुन्हा विचारलं नाही.
ते त्याच साली जन्मले, दुसऱ्या कुठल्या गावात,
आई सांगायची, ओल्या गोणपाटाखाली.

म्हणजे सत्तर वर्षं त्या विहिरीचं पाणी
गाव पीत होतं, आणि तेच पाणी खाली
आग झाकून बसलं होतं.
यावर मी काही बोलायला गेलो,
तर म्हणाले, "पावती फाड, उगं कविता करू नको."

कपाट आता माझ्याकडं आहे.
अकरांपैकी एक झाकण पथकानं दिलं होतं,
आतून खरवडून, उकळून.
काल एक पोरगा पिशवी घेऊन आला. बर्नर निघाला.
चहा ठेवला आणि वही काढली तर
ते पान उघडलं. सगळ्यात खाली,
पेन्सिलीनं, मी आजवर न वाचलेलं:

देणं बाकी. कौसाबाई.
पाणी, एक घागर.